हिशेबाच्या फायलींचे रूप पालटणारी भाषा : अवघड, पण शिकण्याजोगी

व्यापारात हिशेब एका जागी थांबत नाही. बिल आपल्या दुकानातून निघते, गिऱ्हाइकाच्या वहीत उतरते, तेथून कर सल्लागाराकडे, बँकेकडे आणि शेवटी सरकारी खात्याकडे जाते. पूर्वी हा प्रवास कागदावर होत असे आणि प्रत्येक मुक्कामावर कोणी तरी मुनीम तेच आकडे पुन्हा आपल्या वहीत उतरवून घेत असे. आता कागदाची जागा फाईलने घेतली आहे. परंतु उतरवून घेण्याचे काम पुष्कळ पेढ्यांवर अजूनही हातानेच चालते. एका संगणकावरचे बिल पाहून दुसऱ्या संगणकावर तेच आकडे टाकत बसलेला मुलगा आपण अनेक दुकानांत पाहतो. त्यात वेळ जातो आणि शंभर ओळींत एखादी ओळ चुकतेच.

हे काम संगणकाकडूनच करून घेण्याची एक भाषा आहे. तिचे नाव एक्सएसएलटी. ती अवघड समजली जाते, आणि तो समज खोटा नाही. तरीही ज्यांच्या घरात हिशेबाचे किंवा संगणकाचे काम करणारी मुले-मुली आहेत, त्यांनी ही भाषा काय आहे, ती कोठे अडवते आणि ती शिकण्यात आपला फायदा आहे की नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

फाईलची रचना म्हणजे काय?

प्रथम ज्या फायलींवर ही भाषा चालते त्या पाहू. त्यांना एक्सएमएल फाईल म्हणतात. तिच्यात प्रत्येक माहितीच्या आधी व नंतर तिच्या नावाची खूण असते. उदाहरणार्थ, लुंगीच्या बिलातील एक ओळ अशी दिसेल :

<ओळ><माल>लुंगी</माल><नग>१२</नग><दर>१८०</दर><रक्कम>२१६०</रक्कम></ओळ>

अशा अनेक ओळी एका <बिल> खुणेच्या पोटात आणि अनेक बिले एका <वही> खुणेच्या पोटात बसतात. पेटीत डबा आणि डब्यात डबी, तसाच हा प्रकार आहे. माणसाला ती वाचता येते आणि यंत्रालाही. विशेष म्हणजे खुणांची नावे मराठीत ठेवली तरी नियमांत बसते. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी. येथे छपाईच्या सोयीसाठी रक्कम मराठी अंकांत दिली आहे, पण प्रत्यक्ष फाईलमध्ये आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. मराठी अंकांतील २१६० ला ही भाषा संख्या मानत नाही आणि त्यांची बेरीज करावयास सांगितली तर ती होत नाही.

एक्सएमएलची पहिली अधिकृत शिफारस १० फेब्रुवारी १९९८ रोजी डब्ल्यू३सी या जागतिक संस्थेने प्रसिद्ध केली. फायली तयार झाल्या, पण प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकाच्या फाईलमध्ये 'गिऱ्हाईक' तर दुसऱ्याच्या फाईलमध्ये 'खातेदार'. एकाची तारीख दिवसापासून सुरू होते, दुसऱ्याची वर्षापासून. म्हणून एका मांडणीतून दुसरी मांडणी करून देणारी भाषा हवी होती. ती १६ नोव्हेंबर १९९९ रोजी आली. तिच्या पहिल्या आवृत्तीचे संपादक जेम्स क्लार्क होते. पुढे मायकेल के यांच्या संपादनाखाली २००७ साली दुसरी आणि २०१७ साली तिसरी आवृत्ती निघाली.

तिचा उपयोग कोठे होतो?

आपल्याकडील असंख्य दुकानांत टॅलीवर हिशेब ठेवला जातो. टॅलीतून खाती आणि व्हाउचर एक्सएमएल फाईलच्या रूपाने बाहेर काढता येतात आणि तशीच फाईल आतही घेता येते. अलीकडच्या आवृत्त्यांत एक्सेलची फाईलही थेट घेता येते, त्यामुळे साध्या कामासाठी या भाषेची गरज उरलेली नाही. परंतु दुसऱ्या पेढीची फाईल आपल्या टॅलीत, किंवा आपल्या टॅलीतील विक्री दुसऱ्या कोणाच्या नमुन्यात बसवायची असेल तेव्हा तिचा उपयोग होतो.

आखातात तर हा विषय अधिक जवळचा आहे. सौदी अरेबियात ४ डिसेंबर २०२१ पासून व्हॅट भरणाऱ्या व्यापाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक बिल सक्तीचे झाले. १ जानेवारी २०२३ पासून दुसरा टप्पा सुरू झाला, आणि त्यात उलाढालीनुसार एकेक गट घेत बिले थेट तेथील जकात, कर व सीमाशुल्क प्राधिकरणाच्या यंत्रणेशी जोडली जाऊ लागली. हे बिल एक्सएमएल फाईल असते, किंवा पीडीएफच्या पोटात एक्सएमएल बसवलेली असते. तिची मांडणी यूबीएल नावाच्या आंतरराष्ट्रीय नमुन्याप्रमाणे असते. कोकणातील कितीतरी घरांतील माणसे आखातातील दुकानांत, गोदामांत आणि हिशेबाच्या टेबलावर काम करतात. ज्याला ही फाईल उघडून वाचता येते व तिचे रूप पालटता येते, त्याची किंमत तेथे नुसत्या टंकलेखन करणाऱ्यापेक्षा निश्चितच अधिक आहे.

युरोपातही हाच प्रवाह आहे. जर्मनीत १ जानेवारी २०२५ पासून व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आलेले इलेक्ट्रॉनिक बिल स्वीकारता आले पाहिजे असा नियम झाला. तेथील बिल नियमाप्रमाणे आहे की नाही हे तपासणारी कलमे स्केमाट्रॉन नावाच्या पद्धतीने लिहिलेली असतात आणि ती चालवण्यासाठी त्यांचे रूपांतर बहुधा एक्सएसएलटीतच करतात. परदेशी प्रकाशकांची पुस्तके व नियतकालिके तयार करून देणाऱ्या भारतातील कंपन्यांतही या भाषेचे काम असते.

आपल्या जीएसटीचे मात्र वेगळे आहे. पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. त्यासाठी जी फाईल लागते ती जेसॉन प्रकारची. एक्सएसएलटीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांना जेसॉनसाठी सोय नव्हती. तिसऱ्या आवृत्तीला जेसॉन वाचताही येते आणि लिहिताही येते. म्हणून शिकताना आवृत्ती कोणती हे आधी पाहावे.

अवघड का वाटते?

या भाषेच्या अवघडपणाच्या पाच गाठी आहेत.

पहिली गाठ अशी की येथे क्रमाने हुकूम द्यायचे नसतात, नियम सांगायचे असतात. इतर भाषांत आपण म्हणतो : आधी हे कर, मग ते कर. येथे म्हणावे लागते : 'गिऱ्हाईक समोर आले तर असे लिही, ओळ समोर आली तर तसे लिही.' शिलाईच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. मास्टर प्रत्येक कारागिराला ठरवून देतो : कॉलर आली की तू घे, बाही आली की तू घे, काज-बटण त्याने करावे. मग गठ्ठा सुटतो आणि ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या हाती जातो. या भाषेत अशा प्रत्येक कारागिराला टेम्प्लेट म्हणतात. माल पुढे सोडण्याच्या सूचनेला अप्लाय-टेम्प्लेट्स म्हणतात. ती सूचना द्यायची राहिली तर पुढचे कारागीर रिकामे बसतात. आणखी एक गोष्ट : ज्या तुकड्यासाठी आपण कोणी नेमला नाही, त्याच्यासाठी भाषेने स्वतःचा कारागीर आधीच बसवलेला आहे. तो खुणा काढून टाकतो आणि आतला मजकूर तसाच पुढे ढकलतो. शिकाऊ मुलाला कागदाच्या शेवटी नको ते आकडे आणि नावे चिकटलेली दिसतात ती यामुळे.

दुसरी गाठ म्हणजे आपण कोठे उभे आहोत. माहिती शोधण्यासाठी वाट सांगावी लागते, जसे बिल/ओळ/रक्कम. या वाटेच्या भाषेला एक्सपाथ म्हणतात. बाजारात 'उजवीकडे तिसरे दुकान' असे सांगितले तर ऐकणारा कोठे उभा आहे यावर दुकान ठरते. येथेही तसेच आहे. ओळीच्या नियमात उभे राहून पुन्हा बिल/ओळ/रक्कम म्हटले तर तेथे बिल सापडतच नाही. तेथून फक्त 'रक्कम' म्हणायचे असते. नवशिक्याच्या बऱ्याच चुका येथेच होतात.

तिसरी गाठ : एकदा ठेवलेली किंमत बदलत नाही. रोजमेळात आपण वरून खाली बेरीज वाढवत जातो. इतर भाषांत तशी बेरीज सहज वाढवता येते. येथे व्हेरिएबलला दिलेली किंमत पक्क्या वहीतील शाईच्या नोंदीसारखी असते. ती खोडून त्यावर दुसरी लिहिता येत नाही. सगळ्या रकमांची एकदम बेरीज हवी असेल तर ती एका शब्दात होते. पण प्रत्येक ओळीपुढे चढती शिल्लक हवी असेल तर नियमाने स्वतःलाच पुन्हा हाक मारून मागची शिल्लक पुढे द्यावी लागते. तिसऱ्या आवृत्तीत यासाठी सोपी सोय केली आहे.

चौथी गाठ गट करण्याची. तीनशे बिलांतून प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी खतावणी काढणे हे आपले नेहमीचे काम. पहिल्या आवृत्तीत त्यासाठी सरळ सूचनाच नव्हती. स्टीव्ह म्युएंच यांच्या नावाने ओळखली जाणारी एक आडवळणाची रीत वापरावी लागे आणि ती समजता समजता अनेकांनी ही भाषा सोडून दिली. दुसऱ्या आवृत्तीपासून गट करण्याची सरळ सूचना आली. जुन्या पुस्तकावरून शिकणाऱ्याने विनाकारण जुनी रीत पाठ करू नये.

पाचवी गाठ सर्वांत फसवी आहे, ती नेमस्पेसची. एकाच गल्लीत दोन अहमद असतील तर आपण घराण्याचे नाव जोडतो. तसेच फाईलमध्ये खुणेला घराणे असते. कधी ते खुणेपुढे उघड लिहिलेले असते, कधी फाईलच्या डोक्यावर एकदाच लिहून पुढे गृहीत धरलेले असते. अशा वेळी खूण दिसायला साधी दिसते, पण तिचे पूर्ण नाव वेगळे असते. आपण साध्या नावाने हाक मारली तर कोणी ओ देत नाही. यूबीएल बिलात अशी तीन घराणी एकत्र नांदतात. घराण्यांची नोंद आपल्या नियमांच्या फाईलमध्ये केली की अडचण सुटते.

खरा धोका गप्प राहण्याचा

व्यापाऱ्याने ही पाचवी गाठ नीट लक्षात घेतली पाहिजे. वाटेवर काहीच सापडले नाही तर ही भाषा बहुधा तक्रार करीत नाही. तिच्या दृष्टीने 'काही नाही' हेही एक उत्तरच आहे. कागद व्यवस्थित छापला जातो, वर नाव असते, खाली बेरीज असते, फक्त मधल्या काही ओळी आलेल्याच नसतात. हाताने उतरवणारा मुलगा एक ओळ चुकतो. नियम चुकला तर त्या प्रकारच्या सर्वच ओळी जातात, आणि दर महिन्याला जातात. गिऱ्हाइकाची येणी कमी दिसली तर नुकसान आपले, आणि जास्त दिसली तर भांडण.

म्हणून रूपांतर चालवण्यापूर्वी व चालवल्यानंतर तीन गोष्टी मोजाव्यात : बिले किती, ओळी किती, एकूण रक्कम किती. तिन्ही जुळल्याशिवाय नवी फाईल टॅलीत घेऊ नये. ही मोजणी त्याच नियमांच्या फाईलमध्ये लिहून ठेवता येते आणि आकडे जुळले नाहीत तर काम थांबवण्याची सूचनाही देता येते. मूळ फाईल कधीही पुसू नये.

टॅलीच्या फाईलबाबत आणखी तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. तिच्यात नावेची, म्हणजे डेबिटची, रक्कम उणे चिन्हासह येते. ते पाहून घाबरू नये आणि ते काढूनही टाकू नये. तारीख वर्ष, महिना, दिवस अशी सलग आठ अंकांत असते, म्हणजे १ एप्रिल २०२४ ही २०२४०४०१ अशी. आणि कधी कधी तिच्यात चार क्रमांकाचे एक नियंत्रण-चिन्ह येते. ते एक्सएमएलच्या नियमात बसत नाही, म्हणून रूपांतर सुरू होण्याआधीच सर्व अडते. साध्या संपादकात ते शोधून काढून टाकले की काम पुढे जाते.

आपली लाख-कोटींची स्वल्पविराम-पद्धतही या भाषेत साधते. दुसऱ्या आवृत्तीपासून १,२५,००० अशी मांडणी नमुना देऊन छापता येते. गिऱ्हाइकाला द्यायच्या कागदावर मराठी अंकही आणता येतात.

कसे शिकावे?

पहिल्या आठवड्यात आपल्याच बिलबुकातील पाच बिले मराठी खुणा वापरून हाताने लिहावीत. उघडलेली प्रत्येक खूण बंद झाली पाहिजे, एवढी शिस्त अंगी बाणली तरी पुष्कळ झाले. दुसऱ्या आठवड्यात फक्त वाटा शिकाव्यात : सर्व रकमा, पाच हजारांवरची बिले, एका गिऱ्हाइकाच्या ओळी. तिसऱ्या आठवड्यात फाईलची जशीच्या तशी नक्कल करणारा एक नियम लिहावा आणि मग त्यात एकच बदल करणारा दुसरा नियम जोडावा, उदाहरणार्थ 'गिऱ्हाईक'चे 'खातेदार'. नियमांनी विचार करणे म्हणजे काय हे या अभ्यासात उमगते. चौथ्या आठवड्यात बेरीज व गट, पाचव्यात घराणी, आणि सहाव्यात प्रत्यक्ष टॅलीची फाईल. रोज एक तास मनापासून दिला तर एवढा पल्ला गाठता येतो.

साधनांना पैसे लागत नाहीत. मायकेल के यांनी घडवलेल्या सॅक्सनची होम आवृत्ती विनामूल्य मिळते आणि तिला तिसरी आवृत्ती समजते. एक्सएसएलटीप्रॉक हे दुसरे विनामूल्य साधन आहे, पण त्याला फक्त पहिली आवृत्ती कळते. पूर्वी ब्राउझरमध्येही हे काम करून पाहत असत. परंतु गूगलने २०२५ साली क्रोममधून ही सोय काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला आहे. त्यामुळे भाषा संपली असे समजण्याचे कारण नाही. कार्यालयातील काम ब्राउझरबाहेरच चालते. मात्र नव्या शिकणाऱ्याने ब्राउझरवर विसंबू नये.

दोन सावधगिरीच्या सूचना. फुकट रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी ठिकाणी गिऱ्हाइकांची नावे, जीएसटी क्रमांक व येणी असलेली फाईल पाठवू नये. आपली खतावणी आपण रस्त्यावर उघडून ठेवीत नाही. आणि परक्याने दिलेली नियमांची फाईल न वाचता चालवू नये, कारण ही भाषा संगणकावरील दुसऱ्या फायलीही उघडू शकते.

कोणी शिकावे, कोणी शिकू नये?

महिन्याला दहा-वीस बिले असणाऱ्याने या भानगडीत पडू नये. हाताने काम लवकर होईल. ज्याला केवळ एक्सेलच्या तक्त्यांची जुळवाजुळव करायची आहे, त्याला एक्सेलमधील पॉवर क्वेरी पुरेल. ज्याला पायथॉन येते तो बरीचशी कामे त्यात करू शकेल. परंतु ज्या पेढीवर दर आठवड्याला त्याच नमुन्याची शेकडो ओळींची फाईल येते, जो अनेक दुकानांचा हिशेब सांभाळतो, किंवा ज्याचा विचार आखातात हिशेबाच्या कामावर जाण्याचा आहे, त्याने हे सहा आठवडे अवश्य द्यावेत. घरी बसून वाणिज्य शाखेच्या मुलींनाही हे काम शिकता व करता येण्यासारखे आहे. हिशेबाची जाण आणि ही भाषा, दोन्ही असणारी माणसे थोडी आहेत. नुसता संगणक जाणणाऱ्याला नावे-जमा कळत नाही आणि नुसता हिशेब जाणणाऱ्याला फाईलची भीती वाटते.

जे स्वतः शिकणार नाहीत त्यांनी बाहेरून काम करून घेताना तीन अटी लिहून घ्याव्यात. नियमांची फाईल वाचता येईल अशा मूळ स्वरूपात आपल्या ताब्यात मिळाली पाहिजे. ती कोणत्या आवृत्तीत आहे हे तिच्यावर लिहिलेले असावे. बिले, ओळी व रक्कम यांची मोजणी तिच्यात असलीच पाहिजे. या अटी नसतील तर पुढील वर्षी नमुन्यात एक खूण बदलली तरी पुन्हा त्याच माणसाच्या दारात जावे लागेल आणि तो मागेल तो दाम द्यावा लागेल.

या आठवड्यात एवढे तरी करावे. टॅलीतून एका दिवसाची विक्री एक्सएमएल म्हणून बाहेर काढावी, साध्या संपादकात उघडावी आणि आपल्या एका बिलाची नोंद तिच्यात बोटाने शोधून काढावी. ती सापडली म्हणजे शिकण्याला सुरुवात झाली असे समजावे.